आलेख गणकयंत्र : किंमत आणि उपयुक्तता

दहावीच्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे आलेखाने सोडविण्याचा भाग आहे. बुलढाणा जिल्ह्यातील सोयाबीन उत्पादकालाही तो उपयोगी पडावा असाच आहे. समजा, एक मळणीयंत्रवाला येण्याचे ५०० रुपये व पोत्यामागे १०० रुपये मागतो. दुसरा केवळ पोत्यामागे २०० रुपये घेतो. दोन्ही दरांच्या रेषा ५ पोत्यांवर, १,००० रुपयांशी, एकमेकींना छेदतात. माल त्याहून अधिक असेल तर पहिला परवडतो, कमी असेल तर दुसरा. आलेख पाहताच ही गोष्ट ध्यानात येते.

असे आलेख पडद्यावर काढून दाखविणारे हातात मावणारे गणकयंत्र जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८५ मध्ये प्रथम बाजारात आणले. त्याच्या पडद्यावर आडवे ९६ व उभे ६४ ठिपके होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने २००४ मध्ये काढलेल्या टीआय-८४ प्लस या यंत्रातही ठिपके तेवढेच होते, आणि त्याचा प्रक्रियक १९७६ सालच्या झेड-८० या जातीचा होता. तरीही किंमत १०० डॉलरच्या आसपास राहिली. कारण उघड आहे. तेथील क्रमिक पुस्तके, शिक्षकांची सवय आणि परीक्षांचे नियम याच यंत्रांभोवती गुंफले गेले. ग्राहकाला निवड उरली नाही, की किंमत उतरण्याचे कारणही उरत नाही.

या यंत्राच्या रचनेत गुणही आहेत. ते साध्या सेलवर चालते, त्याला इंटरनेट लागत नाही आणि परीक्षागृहात त्यावर नियंत्रण ठेवणे सोपे जाते. परंतु आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताच्या परीक्षेत गणकयंत्राची मुभा नाही. त्यामुळे प्रत्येक मुलासाठी ते घेणे हा शाळेला न पेलणारा खर्च ठरेल.

मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन गणितज्ञाने २००१ मध्ये सुरू केलेली जिओजेब्रा ही संगणकप्रणाली शाळांना विनामूल्य मिळते. शाळेतील एका संगणकावर ती एकदा बसविली, की इंटरनेटवाचूनही संपूर्ण वर्गाला आलेख दाखविता येतो.

तथापि प्रारंभ आलेख कागदावरच व्हावा. स्वतः बिंदू मांडून रेषा ओढलेल्या मुलालाच पडद्यावरील रेषेचा अर्थ उमगतो. शाळेसाठी साहित्य घेताना शाळा व्यवस्थापन समित्यांनी व पंचायत सदस्यांनी किमतीइतकाच एक प्रश्न अवश्य विचारावा: या वस्तूचा उपयोग वर्गातील किती मुलांना होणार आहे?