थांबा, बोलेल!

‘घरी मराठी, अंगणात गुजराती, दोन भाषांमुळे बोलणे लांबते. थांबा, बोलेल!’ वडोदऱ्यातील आपल्या कुटुंबांना हा दिलासा मीही वर्षानुवर्षे दिला. तो घेऊन गेलेला एक मुलगा साडेतीन वर्षांचा होऊन परतला, तेव्हा आईच्या हाकेलाही वळत नव्हता. बूस्टरच्या वेळी मी त्याचे वजन केले, लस टोचली; नजर पाहिली नाही.

दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही. आजीची मराठी बंद करण्याचे कारण नाही. १६ ते ३० महिन्यांच्या बालकांसाठी एम-चॅट ही २० प्रश्नांची यादी आहे. ती निदान करीत नाही, संशय तेवढा दाखवते. पण खेळातून संवाद शिकविण्यास निदानापर्यंत थांबावे लागत नाही. आम्हा जुन्या एम.डीं.ना हे कोणी शिकविले होते? २००१ साली स्थापन झालेले मुंबईचे उम्मीद बालविकास केंद्र डॉक्टरांपासून वस्तीतील कार्यकर्त्यांपर्यंत सर्वांना असे प्रशिक्षण देते.

आता माझ्या टेबलावर लशींशेजारी साबणाच्या फुग्यांची बाटली असते. फुगा उडाला की मूल आनंद वाटून घेण्यासाठी आईकडे वळून पाहते का, ते मी पाहतो.