पगार नाही, तरी भोंगा वाजला की धावणारे : छोट्या गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमाराला आमच्या मोहल्ल्यातल्या एका भंगाराच्या गोदामाला आग लागली. नगरपालिकेचा बंब यायला वेळ होता. पोरांनी बादल्या उचलल्या, कुणी मोटारीचा पाईप जोडला. माझा धाकटा भाऊ सगळ्यात पुढे. दहा मिनिटांनी आतला एक बंद पिंप फुटला आणि भावाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पिंपात काय होतं, हे मालक सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं आणि मालक त्या रात्री गावात नव्हता. अम्मी आजही म्हणते, "अल्लाहने हात वाचवला." हात वाचला हे खरं. पण तो पिंप माझ्या डोक्यातून गेला नाही.

मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गात हा किस्सा सांगितला तर एका मुलीने विचारलं, "मॅडम, आग विझवणं ही नोकरीच असते ना? पगार न घेता कुणी रोज करतं का?" मी म्हटलं, करतात. आणि अमेरिकेत तर असं करणारेच जास्त आहेत. वर्गाला खरं वाटलं नाही. आपल्या वाचकांपैकीही अनेकांना वाटणार नाही, कारण सिनेमात दिसतात ते न्यूयॉर्कचे पगारी फायरमन. प्रत्यक्षात त्या देशात आग विझवणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे आणि त्यातले जवळपास दोन तृतीयांश स्वयंसेवक आहेत. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात तर बहुतेक सगळे. गावातला मेकॅनिक, शाळेचा शिपाई, शेतकरी, दुकानदार हेच तिथलं अग्निशमन दल.

याची सुरुवात जुनी आहे. १७३६ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने काही शेजाऱ्यांना घेऊन 'युनियन फायर कंपनी' काढली. नाव कंपनी असलं तरी धंदा नव्हता, शेजाऱ्यांचा करार होता. प्रत्येकाने घरी चामड्याच्या बादल्या तयार ठेवायच्या आणि जळत्या घरातलं सामान भरून बाहेर काढायला मजबूत पिशव्या अन् टोपल्याही. महिन्याला बैठक, आणि गैरहजर राहिलात तर दंड. त्याच दंडाच्या पैशातून पुढे पंप, शिड्या आणि आकडे विकत घेतले गेले. फ्रँकलिन पेशाने छापखानेवाला होता. कंपनी काढण्याच्या वर्षभर आधी त्याने आपल्याच वर्तमानपत्रात निनावी पत्र छापून लोकांना समजावलं होतं की पेटते निखारे उघड्या फावड्यावर घेऊन जिने चढू नका. म्हणजे आग विझवण्याआधी आग लागू नये याची तालीम. हा भाग पुढे बरेच जण विसरले.

आजचं छोट्या गावातलं दल कसं चालतं ते बघा. गावात एक शेड, त्यात एक-दोन बंब, बऱ्याचदा मोठ्या शहराने वापरून विकलेले. पूर्वी भोंगा वाजायचा, नंतर कमरेला पेजर आले, आता मोबाईल. कॉल आला की दुकानदार शटर अर्धं खाली ओढून पळतो, शेतकरी ट्रॅक्टर बांधावर सोडतो. आणि कॉल बहुतेक वेळा आगीचा नसतोच! कुणाला हार्ट अटॅक आलेला असतो, कुणी म्हातारी बाथरूममध्ये पडलेली असते, हायवेवर गाडी उलटलेली असते. अॅम्ब्युलन्स दूर असते, शेजारी जवळ असतो. पूर आला तर तेच, वादळात झाड पडलं तर तेच. पैशासाठी गावजेवण ठेवतात, तळलेल्या माशांचं किंवा बार्बेक्यूचं. लॉटरीची तिकिटं विकतात, कधी चौकात उभं राहून आपला फायरमनचा बूट पुढे करून त्यात वर्गणी गोळा करतात. आपल्याकडे जमातीचे कार्यकर्ते मय्यतीचं सामान, रक्तदान, पुराच्या वेळी खिचडी हे सगळं जसं ओढतात, साधारण तसंच.

आता त्या पिंपाकडे येते.

टेक्सास राज्यात समुद्रकाठी टेक्सास सिटी नावाचं बंदराचं गाव आहे. १६ एप्रिल १९४७ च्या सकाळी तिथे 'ग्रँडकॅम्प' नावाच्या फ्रेंच जहाजाच्या पोटातून धूर निघू लागला. आत सुमारे २३०० टन अमोनियम नायट्रेट, म्हणजे खत होतं. युद्धाने उजाड झालेल्या युरोपच्या शेतांसाठी ते चाललं होतं. पाणी मारलं तर माल खराब होईल म्हणून कप्तानाने झाकणं बंद करून आत वाफ सोडायला लावली, हवा कोंडली की आग मरेल असा हिशेब. लाकूड असतं किंवा कापूस असता तर काही उपयोग झाला असता. पण अमोनियम नायट्रेट स्वतः आगीला ऑक्सिजन पुरवतं, त्याला बाहेरची हवा लागत नाही. उलट कोंडलं आणि तापलं की ते जास्त धोक्याचं.

गावच्या स्वयंसेवी दलाचे लोक चारही बंब घेऊन धक्क्यावर पोचले. धुराचा रंग विचित्र नारिंगी होता, म्हणून बघ्यांची गर्दी झाली, त्यात मुलंही. ९ वाजून १२ मिनिटांनी जहाज फुटलं. दलात २८ जण होते. त्यातले २७ तिथेच गेले. एकूण मृत किमान ५८१. एका छोट्या गावाचं अख्खं अग्निशमन दल एका क्षणात संपलं, कारण जहाजात खत आहे एवढं माहीत होतं आणि खत काय करू शकतं हे माहीत नव्हतं.

आपल्या मुंबईने असंच तीन वर्षांपूर्वी भोगलं होतं. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. आत स्फोटकं आणि त्यांच्याच सोबत कापसाच्या गाठी! अग्निशमन दलाचे ६६ जवान शहीद झाले. ते पगारी होते, पण मरण तेच. त्यांच्याच आठवणीत १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुटी असते, पुढे परीक्षा, त्यामुळे शाळांत हा सप्ताह बहुधा फळ्यावरच्या एका ओळीत उरकतो. आमच्याही शाळेत तेच.

मग कायदे झाले नाहीत का? झाले, आणि त्यातला सर्वांत मोठा आपल्या दुःखातून झाला. १९८४ ला भोपाळ झालं. कारखान्यात काय साठवलंय हे शेजारच्या वस्तीला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याचा धसका घेऊन अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा केला की धोकादायक रसायनं ठेवणाऱ्याने त्यांची यादी सरकारला आणि स्थानिक अग्निशमन दलाला द्यायची, आणि नागरिकाला ती विचारण्याचा हक्क असेल. भोपाळच्या गल्ल्यांतले लोक गेले आणि सात समुद्रापलीकडच्या फायरमनच्या हातात कागद आला.

कागद आला. पुढचं ऐका.

टेक्सासमध्येच डॅलस आणि वेको यांच्यामध्ये हायवेवर 'वेस्ट' नावाचं गाव आहे. नाव वेस्ट, पण पश्चिमेशी संबंध नाही, ते पहिल्या पोस्टमास्तरचं आडनाव. वस्ती २८०० च्या आसपास. चेक लोकांनी वसवलेलं, तिथला गोड पाव प्रसिद्ध. गावाच्या कडेला १९६२ पासून खताचं एक दुकान-गोदाम होतं. सुरुवातीला आजूबाजूला शेतं होती. मग गाव वाढत वाढत त्याच्याजवळ आलं. शाळा आली, अपार्टमेंट आलं, म्हाताऱ्यांसाठीचं नर्सिंग होम आलं. गोदाम आपल्या जागी होतं, गावच त्याच्याकडे चालत गेलं. आपल्याकडे एमआयडीसीच्या कुंपणाला घरं टेकतात ना, तसं.

१७ एप्रिल २०१३. संध्याकाळी ७ वाजून २९ मिनिटांनी आगीचा कॉल आला. गावच्या दलाचे स्वयंसेवक घरून, कामावरून निघाले. त्याच संध्याकाळी गावात प्रथमोपचाराचा वर्ग चालू होता, तिथलेही काही जण मदतीला गेले. शेजारच्या गावांच्या दलातले आले. डॅलसच्या पगारी दलातला एक कप्तान याच गावात राहायचा, तो ड्युटीवर नव्हता, तोही गेला. त्यांना चिंता होती ती अमोनिया वायूच्या टाक्यांची. लाकडी इमारतीत, लाकडी कप्प्यांत ठेवलेल्या अमोनियम नायट्रेटची नव्हती. ७ वाजून ५१ मिनिटांनी सुमारे ३० टन माल फुटला. २२ मिनिटं. जमिनीत सुमारे २८ मीटर रुंद खड्डा पडला, भूकंपमापकावर नोंद झाली, दीडशेवर इमारतींचं नुकसान झालं. मृत १५, त्यातले १२ मदतीला धावलेले. जखमी अडीचशेहून जास्त. शाळेची इमारत उद्ध्वस्त झाली, पण संध्याकाळ असल्याने रिकामी होती. मी शिक्षिका आहे, या वाक्यावर मला नेहमी थांबावं लागतं.

तर कागदाचं काय? गोदामाने आपल्या मालाची यादी दिलेली होती. राज्याच्या खात्यात त्यात २७० टनांपर्यंत अमोनियम नायट्रेटची नोंद होती. चौकशी करणाऱ्या केंद्रीय रासायनिक सुरक्षा मंडळाने २०१६ च्या अहवालात मुख्यतः हेच दाखवलं : माल नोंदलेला होता, पण हा माल आगीत फुटू शकतो, तेव्हा कधी लढायचं आणि कधी सगळ्यांना घेऊन मागे हटायचं, याचं प्रशिक्षण त्या स्वयंसेवकांना मिळालेलं नव्हतं. गोदामात पाण्याचे स्वयंचलित फवारेही नव्हते. आग लागली कशी यावर वाद आहे. केंद्राच्या तपास यंत्रणेने ती लावली गेली असं २०१६ मध्ये जाहीर केलं, अनेकांना ते पटलेलं नाही. पण मला तो प्रश्न दुसरा वाटतो. आग कुठूनही लागो, लाकडी खोलीत तो माल ठेवायलाच नको होता. टेक्सासने २०१५ मध्ये कायदा करून जळणाऱ्या वस्तू या खतापासून ३० फूट दूर ठेवणं सक्तीचं केलं आणि गोदाम तपासण्याचा अधिकार अग्निशमन खात्याला दिला. तोपर्यंत टेक्सास सिटीला ६८ वर्षं झाली होती.

एक खुलासा, नाहीतर उद्या पालक शेतातली पोती बघून घाबरतील. युरिया किंवा डीएपी म्हणजे अमोनियम नायट्रेट नव्हे. भारतात २०१२ पासून अमोनियम नायट्रेटसाठी स्वतंत्र नियम आहेत, साठवायला परवाना लागतो. बैरूतचं ४ ऑगस्ट २०२० आपल्याला आठवतंच, २७५० टन हेच रसायन बंदरात वर्षानुवर्षं पडून होतं. गोदामात आग लागली म्हणून पाठवलेल्या अग्निशमन पथकातले दहा जण तिथे गेले. त्यांनाही आत काय आहे ते सांगितलेलं नव्हतं.

अमेरिकेत आता दुसरी अडचण आहे, माणसं कमी होतायत. १९८४ मध्ये तिथे सुमारे ८ लाख ९७ हजार स्वयंसेवक होते, २०२० मध्ये ६ लाख ७७ हजारच्या आसपास, आणि दरम्यान लोकसंख्या तर वाढली. तरुण कामाला दूर शहरात जातात, दोन-दोन नोकऱ्या करतात, दिवसा गावात कुणी नसतं. प्रशिक्षणाचे तास वाढले, ते वाढायलाच हवे होते, पण फुकट काम करणाऱ्याकडून किती संध्याकाळी मागणार?

आपल्याकडे उलट आहे. आग लागली की माणसं कमी पडत नाहीत, गल्ली भरून जाते. अर्धे बादली घेऊन, अर्धे मोबाईल घेऊन. बंबाला आत यायला वाट मिळत नाही. टेक्सास सिटीच्या धक्क्यावर तरी काय वेगळं होतं? धावणाऱ्या पोरांना मी थांबवणार नाही, माझा भाऊ त्यांच्यातलाच आहे. पण शिकता येतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना आहे, तिच्यात साध्या नागरिकांना बचावकार्याचं प्रशिक्षण देतात. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी करता येते. आणि १०१ ला फोन करताना फक्त "आग लागली" न सांगता "कापसाचं गोदाम आहे, मागच्या खोलीत सहा सिलिंडर आहेत" असं सांगता आलं तर येणाऱ्या जवानाला ते मोठ्या हत्याराइतकं कामाचं.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही आठवीकडून मोहल्ल्याचा नकाशा करून घेतला. कुठल्या गल्लीत बंब वळतो आणि कुठल्या नाही, बोअर कुठे, विजेचा डीपी कुठे, रात्री कोण एकटं म्हातारं माणूस राहतं, कुठल्या दुकानात गॅस, कुठे थिनर. मुलांनी दोन जुम्मे फिरून तो रंगवला. तीन गोदामांवर मात्र पेन्सिलने प्रश्नचिन्ह होतं. पैकी एका मालकाने मुलांना आत नेऊन सगळं दाखवलं, वर सरबत पाजलं. दुसऱ्याने आधी हाकललं, मग मुलाच्या अब्बांना फोन करून यादी सांगितली. तिसऱ्याच्या दाराला कुलूप आहे, मालक शहरात असतो. त्याचा नंबर आम्ही शोधतोय.