‘पाळणे’ या क्रियापदाचा अर्थ : पहिला मोठा सरडा घरी आणण्यापूर्वी



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, “सर, आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलंत, आणि आता सरडे?” (हशा) मी त्याला म्हटलं, तू ऐकायला ये. विषय तोच आहे.

सुरुवात एका कबुलीने करतो. काही वर्षांपूर्वी नातवाच्या दहाव्या वाढदिवसाला मी त्याला हिरव्या इग्वानाचं पिल्लू आणून दिलं. वीतभर लांबीचं, पोपटी रंगाचं. दुकानदाराने सांगितलं, “काही लागत नाही हो याला, पालक घाला आणि खिडकीत ठेवा.” मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, प्रत्येक विधानाला पुरावा मागणारा. इथे मात्र काहीही विचारलं नाही. पिल्लू अकरा महिन्यांत गेलं. शेवटी त्याचा जबडा रबरासारखा मऊ झाला होता आणि पाय थरथरत होते. नातवाने मला एकच प्रश्न विचारला, “आजोबा, त्याला दुखत होतं का?”

बेंथम या विचारवंताने 1789 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे. प्राण्याला बुद्धी आहे का, भाषा आहे का, यापेक्षा त्याला वेदना होते का, हे महत्त्वाचं. मी तो तीस वर्षं वर्गात शिकवला. मला तो समजला त्या दिवशी.

आता बघा, नेमकं काय चुकलं होतं. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, झाडावर राहून पानं खाणारा प्राणी. उन्हातले अतिनील किरण कातडीवर पडले की तिथे ड जीवनसत्त्व तयार होतं. ते असेल तरच अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जातं. नसेल तर शरीर काय करतं? स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. हाडं मऊ होतात, ती अशी. आम्ही त्याला खिडकीत ठेवला होता, पण हे किरण खिडकीची काच अडवते. ऊन दिसत होतं, पोचत नव्हतं. त्यात रोज पालक. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी उपासमार, आणि ताट मात्र भरलेलं!

दुसरी गोष्ट उष्णतेची. या प्राण्याचं शरीर स्वतः उष्णता निर्माण करून टिकवत नाही. खाल्लेलं पचवायलाही त्याला बाहेरची ऊब लागते. बसायच्या एका जागी साधारण 35 अंश सेल्सिअस, आणि बाकी पिंजरा त्याहून थंड, म्हणजे त्याला हवं तेव्हा हलता येईल. पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री त्याला चालत नाहीत. उष्णता देणारा दिवा आणि तापमान राखणारं यंत्र लागतं. अतिनील दिवा वेगळा. तो दिसायला उजळ दिसत राहिला तरी त्याचे उपयोगाचे किरण आधीच कमी होतात, म्हणून सहा महिने ते वर्षाने बदलावा लागतो. जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, थेट कोवळं ऊन दिलं तर उत्तमच. काचेची पेटी मात्र कधीही उन्हात ठेवू नका. ती भट्टी होते.

खायला काय? शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं आणि फुलं, मोहरीची पानं, किसलेला लाल भोपळा, अधूनमधून पपई. मांस, अंडी, कुत्र्याचं खाद्य अजिबात नाही. त्याने मूत्रपिंडं जातात.

आणि आकार! वीतभर पिल्लू काही वर्षांत शेपटीसकट दीड मीटरच्या पुढे जातं. त्याला उभा, माणसाहून उंच पिंजरा लागतो, म्हणजे फ्लॅटमधला एक कोपरा कायमचा गेला. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो.

कोणी विचारेल, मग आपली घोरपडच का नको? तिची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. 1670 च्या सिंहगडाच्या मोहिमेतली यशवंती. दंतकथा असली तरी आपल्या मनात घर करून आहे. पण घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणं, पाळणं, विकणं, सगळा गुन्हा. इग्वाना परदेशी आहे, पण तोही नियमाबाहेर नाही. 2022 च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या आणि 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. तो दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. कागद नसलेला प्राणी फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आता दत्तक घेण्याबद्दल. गेल्या वर्षी नातू पुन्हा म्हणाला, आता तो सोळा वर्षांचा आहे, “आजोबा, या वेळी नीट करू.” एक कुटुंब परगावी चाललं होतं, त्यांचा सहा वर्षांचा नर इग्वाना होता. माझं मत असं झालंय, की पहिल्यांदा घेणाऱ्याने पिल्लापेक्षा असा मोठा प्राणीच घ्यावा. तो किती वाढणार, नर की मादी, स्वभाव कसा, हे समोर दिसतं. आम्ही तीन वेळा त्याला नुसतं बघायला गेलो. जबडा घट्ट आणि दोन्ही बाजूंनी सारखा आहे ना, पाय सुजलेले नाहीत ना, डोळे स्वच्छ आहेत ना. दिवा शेवटचा कधी बदलला, हेही विचारलं. आणि आधी सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणारा पशुवैद्य शोधला. असे डॉक्टर थोडेच असतात.

त्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला आहे. तो त्याचा तिसरा डोळा. (हशा) खरंच सांगतो. त्याने चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली कळते. वरून हात आला की त्याच्या लेखी तो ससाणा असतो. म्हणून हात बाजूने, खालून न्यायचा. कुरवाळताना तो डोळे मिटतो. आपल्याला वाटतं, सुखावला. पुष्कळदा तो फक्त तुम्ही जाण्याची वाट बघत असतो. विणीच्या हंगामात नर चिडखोर होतो, शेपटीचा फटकारा चाबकासारखा लागतो, चावाही खोल बसतो. त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून स्वयंपाकघरात त्याला प्रवेश नाही, आणि हात धुण्याचा नियम लहान मुलांइतकाच माझ्या वयाच्या माणसालाही.

टॉमस नेगेलने 1974 मध्ये वटवाघूळ असणं कसं असतं, यावर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, ते आपल्याला आतून कधीच कळणार नाही. इग्वानाचंही तसंच. कुत्रा प्रेम परत देतो. इथे परतफेडीची खात्री नाही. मग नातं कशावर उभं राहतं?

मराठीत याचं उत्तर एका क्रियापदात आहे. आपण प्राणी पाळतो, पथ्य पाळतो, आणि शब्दही पाळतो. तिन्ही ठिकाणी एकच ‘पाळणे’. समोरून काही मिळो न मिळो, रोज करायचं ते रोज करायचं.

मी 74 वर्षांचा आहे. हा प्राणी अजून दहा वर्षं सहज जगेल. म्हणून आणण्यापूर्वी आम्ही घरात एक कागद केला: माझ्यानंतर कोण, नातू शिकायला बाहेर गेला तर कोण, खर्च कोणाचा. माझ्या मुलीने सही करायला चार दिवस घेतले. मला ते चार दिवस फार आवडले. तिने विचार केला. मी पहिल्या वेळी केला नव्हता. अशी सही द्यायला घरात कोणी तयार नसेल, तर आणू नका. आणि कंटाळा आला म्हणून नदीकाठी तर कधीच सोडू नका. फ्लोरिडात सुटलेल्या इग्वानांनी बागा आणि कालव्यांचे काठ पोखरलेत, आणि थंडीत तेच गारठून झाडांवरून पडतात.

परवा सकाळी गच्चीत तो उन्हाला बसला होता. नातवाने दिव्यावर तारीख लिहून ठेवली आहे, बदलायची. मी काही बोललो नाही. मला वाटतं, यापेक्षा चांगला नीतिशास्त्राचा तास मी कधी घेतला नव्हता.

आता प्रश्न विचारा.