लाल सुजेखालची गाठ

सुजलेली पापणी

मुलाच्या डोळ्याभोवती सूज येते ती बहुतेक वेळा रांजणवाडी, कीटकदंश किंवा जंतुसंसर्गामुळे. क्वचित तशाच लाल सुजेखाली कर्करोगाची गाठ वाढत असते.

खोबणीतला संसर्ग

सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदासारखे पातळ हाड असते. सर्दीनंतर सायनसमधला संसर्ग ते ओलांडू शकतो. ताप येतो, सूज गरम लागते, डोळा हलवताना दुखतो. शिरेतून प्रतिजैविके सुरू केल्यावर साधारण ४८ तासांत उतार दिसू लागतो. तो दिसला नाही, तर औषध बदलण्याआधी निदान तपासणे अधिक शहाणपणाचे.

रॅब्डोमायोसार्कोमा

स्नायू घडवणाऱ्या अपरिपक्व पेशींसारख्या पेशींची ही गाठ. मुलांच्या खोबणीतच उगम पावणाऱ्या कर्करोगांत ही सर्वाधिक आढळते, बहुधा वयाच्या दहा वर्षांच्या आत. काही दिवसांत किंवा आठवड्यांत डोळा पुढे येतो, अनेकदा खाली आणि बाहेरच्या बाजूला सरकतो. पापणी लाल होते, पण ताप सहसा नसतो. सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या उसाच्या पट्ट्यात मुलाच्या डोळ्याला पाचट लागणे नवलाचे नाही. सूज आली की घरच्यांना तेच आठवते आणि शोध तिथेच थांबतो. अशा इजेने गाठ होत नाही. निदानाला उशीर मात्र होतो.

दुरून आलेली सूज

रेटिनोब्लास्टोमा डोळ्याच्या आतल्या पडद्यात होतो, सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एक. गाठीचा भाग मृत झाला की बाहेर संसर्गासारखीच सूज येते. पू समजून अशा डोळ्यात सुई घातली, तर पेशी बाहेर पसरू शकतात. बाहुलीत दिसणारी पांढरी चमक ही त्याची महत्त्वाची खूण. न्यूरोब्लास्टोमा बहुधा पोटात सुरू होतो. खोबणीच्या हाडात पसरला की मार न लागताही डोळ्यांभोवती काळेनिळे वळ उमटतात. म्हणूनच डोळ्याच्या अशा तक्रारीतही पोट चाचपणे आणि रक्त तपासणे आवश्यक ठरते.

निदान

सीटी स्कॅनमध्ये सायनस आणि हाड, एमआरआयमध्ये गाठीची व्याप्ती स्पष्ट दिसते. तरी पू आणि गाठ यांत गल्लत होऊ शकते. रॅब्डोमायोसार्कोमाचा निर्णय बायोप्सीच देते. निदानाआधी दिलेली स्टेरॉइड सूज तात्पुरती उतरवून दिशाभूल करू शकतात. टेंभुर्णीहून कुर्डुवाडीमार्गे गाठता येणाऱ्या बार्शीत कर्करोग रुग्णालय आहे. तिथेच १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली.

उपचार

पूर्वी रॅब्डोमायोसार्कोमासाठी डोळ्यासह सगळी खोबण रिकामी करीत. आता केमोथेरपी आणि किरणोपचार यांनी बहुधा डोळा राखता येतो. खोबणीपुरत्या मर्यादित गाठीत पाच वर्षांनंतर ९० टक्क्यांच्या आसपास मुले हयात असतात. किरणांमुळे पुढे मोतीबिंदू होऊ शकतो, त्या बाजूच्या हाडाची वाढ खुंटू शकते. त्यामुळे बरे झालेल्या मुलाचीही तपासणी अनेक वर्षे चालू ठेवावी लागते.