आत्याबाईंचा कारखाना

टेडी बेअर म्हटलं की आपल्याकडच्या बऱ्याच घरांत आठवतं ते शोकेसमध्ये बसवलेलं, अंगावरची प्लास्टिकची पिशवीही न काढलेलं अस्वल. घरातल्या मुलांना त्याला हात लावायची मुभा वाढदिवसापुरती. ज्या कंपनीने हे अस्वल जगाला दिलं, तिची सुरुवात मात्र अस्वलापासून झाली नाही. खेळण्यांपासूनही झाली नाही. दक्षिण जर्मनीत उल्मजवळ, ब्रेन्झ नदीच्या काठी गीन्गेन नावाचं छोटं गाव आहे. १८७७ साली तिथल्या मार्गारेटे श्टाइफ या तिशीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी फेल्टच्या कपड्यांचं दुकान काढलं. फेल्टचे परकर, मुलांचे कोट असा माल. खेळणं त्यात एकही नव्हतं.

१८७९ च्या डिसेंबरात 'मोडेनवेल्ट' या फॅशनच्या मासिकात कापडी हत्तीचा एक नमुना छापून आला. बाईंनी तो उतरवून घेतला आणि नातलग-मैत्रिणींना भेट द्यायला टाचण्या खोचायच्या गाद्या म्हणून हत्ती शिवले. टाचण्या त्यांत कितपत खोचल्या गेल्या कोण जाणे. हत्ती मुलांनी पळवले. कंपनी आपली स्थापना १८८० ची मानते ती या हत्तीच्या हिशेबाने. १८८६ पर्यंत असे पाच हजारांहून अधिक हत्ती विकले गेले होते.

हत्ती मुलांना इतका का आवडला, याचं उत्तर फेल्टमध्ये आहे. लोकर ओली करून, मळून, दाबून केलेलं हे कापड विणलेलं नसतं, त्यामुळे कात्री लावली तरी कडेचे धागे सुटत नाहीत. दुमडायला नको, गोट मारायला नको; दोन तुकडे समोरासमोर धरून टाके घातले की झालं. हत्तीची सोंड, शेपूट, कान असे बारीक भाग साध्या सुती कापडात शिवून पाहावेत, म्हणजे हा फायदा किती मोठा ते कळतं. दुमडलेल्या कडांनीच सोंड भरून जाते. बाईंच्या आजोळच्या हेन्ले घराण्यातल्या एका नातलगाचा फेल्टचा कारखाना गावातच होता, तेव्हा कापडाची ददात नव्हती. आत मेंढीची मऊ लोकर भरलेली. त्या काळातली घरातली खेळणी आठवून पाहा: चिनी मातीच्या तोंडाच्या बाहुल्या, लाकडी घोडे, पत्र्याचे शिपाई. पडलं तर फुटणारं नाहीतर टोचणारं. हा हत्ती आपटावा, ओढावा, उशाशी घ्यावा.

आता बाईंविषयी. जन्म २४ जुलै १८४७ चा. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. उजव्या हातातही जोर राहिला नाही, तो उचलला की दुखे. वडील बांधकामाचे मिस्त्री, घरात दोन मोठ्या बहिणी, एक धाकटा भाऊ. शाळेत त्यांना ढकलगाडीत बसवून नेत. नवव्या वर्षी लुडविग्सबुर्गच्या डॉक्टरांकडे शस्त्रक्रिया झाली, मग विल्डबाडच्या गरम झऱ्यांवर उपचार झाले, उपयोग शून्य. सतराव्या वर्षी त्यांनी बरं होण्याचा नाद सोडला. पुढे कोणी नवा उपाय सुचवला की त्या ऐकून घेत आणि विषय बदलत, असं नाही. त्यांनी तो विषयच बंद केला. शिवणाच्या शाळेत नाव घातलं. उजवा हात साथ देईना तरी शिकल्या. झिदर हे तारांचं वाद्य वाजवायला शिकून त्याच्या शिकवण्या घेतल्या, आणि साठलेल्या पैशांत शिवणयंत्र आणलं. यंत्राचं चाक उजव्या हाताला. बाईंनी यंत्रच फिरवून उलट्या बाजूने पुढ्यात घेतलं, म्हणजे चाक डाव्या हाताशी आलं.

ही गोष्ट जर्मनीत मुलांना 'अपंगत्वावर मात' या चालीवर सांगितली जाते, आणि आपल्याकडेही ती तशीच सांगितली जाईल. मला ती चाल फारशी रुचत नाही. तिच्यात यंत्र फिरवणारी बाई दिसते, पण धंदा उभा करणारी दिसत नाही. स्वतः उठून कुठे जाता येत नाही, तेव्हा कामं, माणसं आणि माल आपल्याकडे कशी येतील, याचा विचार बाईंनी आयुष्यभर केला असावा. कंपनीची घडण त्यातून झालेली दिसते. शिवणाऱ्या बायका घरोघरी बसून काम करायच्या आणि तयार माल आणून द्यायच्या. १८८९ मध्ये नवं घर बांधलं तेव्हा खाली दुकान, वर राहायची जागा आणि चाकाची खुर्ची वर नेता येईल असा उतार. नवा नमुना आधी बाईंच्या हातात यायचा. शिवण, भराव, कापड सगळं त्या स्वतः तपासायच्या आणि पटल्याशिवाय तो विक्रीला जात नसे. मुलांना द्यायचं ते उत्तमच हवं, हे त्यांचं घोषवाक्य पुढे कंपनीनेच लावून धरलं. पण घोषवाक्यापेक्षा मला ती तपासणी महत्त्वाची वाटते.

बाहेर फिरणारे पाय घरच्यांचे. धाकटा भाऊ फ्रित्झ पोतं भरून हत्ती घेऊन शेजारच्या हायडनहाइमच्या बाजारात गेला आणि रिकाम्या पोत्याने परतला, असं सांगतात. व्यापारात पडायचा आग्रह बहिणीला त्यानेच धरला. १८९२ मध्ये चित्रांसह पहिला कॅटलॉग निघाला; तोवर हत्तीच्या जोडीला माकडं, घोडे, उंट, डुकरं, कुत्री, मांजरं आली होती. १८९३ मध्ये 'मार्गारेटे श्टाइफ' या नावाने फेल्टच्या खेळण्यांचा कारखाना सरकारदरबारी नोंदला गेला.

बाईंनी लग्न केलं नाही. फ्रित्झचे मुलगे एकेक करून आत्याच्या हाताखाली आले. आपल्याकडे मामाच्या किंवा काकाच्या पेढीवर बसलेले भाचे-पुतणे पुष्कळ सापडतील. आत्याच्या पेढीवर बसलेले भाचे क्वचितच. त्यांत रिचर्ड चित्रकार. तो श्टुटगार्टच्या कलाशाळेत शिकला आणि तिथल्या निल यांच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन तासन्‌तास अस्वलांची रेखाटनं करत बसला. १८९७ मध्ये तो कारखान्यात आला.

१९०२ मध्ये त्याने जे अस्वल बनवलं त्याचं कॅटलॉगमधलं नाव अगदी रुक्ष, '५५ पीबी'. बसलेलं असताना पंचावन्न सेंटिमीटर, पीबी म्हणजे प्लश कापडाचं आणि हलणाऱ्या अवयवांचं. दोन गोष्टी नव्या होत्या. फेल्टऐवजी अंगोरा बोकडाच्या केसांचं, म्हणजे मोहेअरचं, लव असलेलं कापड. आणि धड-हात-पाय वेगळे शिवून दोऱ्यांनी जोडलेले, त्यामुळे ते बाहुलीसारखं हलवता येई. आत्याबाईंना ते पहिल्या नजरेत पसंत पडलं नाही. बोजड आहे, महाग आहे, हा त्यांचा आक्षेप. भाच्याने गळ घातली म्हणून नमुने १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत गेले. तिथेही थंडच प्रतिसाद. जत्रा उठता उठता एका अमेरिकी खरेदीदाराने तीन हजार नगांची मागणी नोंदवली, ही कंपनीची लाडकी कथा. गंमत म्हणजे ज्या अस्वलामुळे हे सगळं घडलं, त्याचा एकही खात्रीचा नमुना आज कुणाकडे नाही.

'टेडी' हे नाव मात्र गीन्गेनचं नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर 'टेडी' रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले. सोबत्यांनी झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. १६ नोव्हेंबरला 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर व्यंगचित्र काढलं. (घायाळ अस्वलाला वेदनेतून सोडवायला त्यांनी दुसऱ्याकडून मारवलंच, हा पुढचा भाग कोणी सांगत नाही.) ते चित्र पाहून ब्रुकलिनमध्ये गोळ्या-बिस्किटांचं दुकान चालवणाऱ्या मॉरिस आणि रोझ मिक्टम या नवरा-बायकोने कापडी अस्वल शिवून काचेत मांडलं आणि त्याला 'टेडी' म्हटलं. त्यांच्या दुकानातून पुढे आयडियल टॉय कंपनी निघाली. म्हणजे एकाच सुमाराला दोन खंडांवरच्या दोन कुटुंबांनी अस्वलं शिवली. आधी कोण, यावर संग्राहक अजून भांडतात. मला वाटतं, तो वाद सुटणार नाही आणि सुटून काही फरकही पडणार नाही.

पुढची उडी अफाट होती. १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात बारा हजार अस्वलं विकली गेली. १९०७ साली एकट्या गीन्गेनमधून सुमारे पावणेदहा लाख अस्वलं बाहेर पडली. कारखान्यात चारशे माणसं, घरून काम करणारी अठराशे. १९०३ मध्येच काचेची तीन मजली इमारत उभी राहिली होती, पोलादी सांगाडा आणि सभोवती काचेची दुहेरी भिंत. आत बसलेल्या तरुण कामगार मुली बाहेरून दिसत, म्हणून गावकऱ्यांनी तिला 'कुमारिकांचं मत्स्यालय' म्हणायला सुरुवात केली. थट्टा असेल, पण शिवणकामाला उजेड लागतो आणि वास्तुविशारद ग्रोपियसच्या काचेच्या फागुस कारखान्याची पायाभरणी व्हायला अजून आठ वर्षं होती.

त्या वर्षांतलं अस्वल हातात घ्यायला मिळालं तर नाकापासून डोक्याकडे जाणारी मधली शिवण पाहा. मोहेअर महाग. थान कापताना सहा डोकी एकसंध निघत. सातव्यासाठी उरलेले दोन तुकडे मधोमध जोडावे लागत. काटकसरीतून आलेली ही शिवण आज संग्राहक शोधत फिरतात आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात.

माझ्या लेखी कंपनीला वाचवणारी कल्पना अस्वल नव्हे. अस्वल कोणीही शिवू शकत होतं, आणि भराभर शिवतही होतं. भाचा फ्रान्झ याने १९०४ मध्ये खेळण्याच्या डाव्या कानात धातूचं बटण ठोकायची युक्ती काढली. २० डिसेंबर १९०४ ला नोंदणीचा अर्ज, १९०५ च्या मे महिन्यात संरक्षण. सुरुवातीला बटणावर सोंड उंचावलेला हत्ती होता, म्हणजे तिथेही पहिला मान टाचणीच्या गादीलाच. नंतर श्टाइफ हे अक्षरांतलं नाव आलं. बटण काढायचं तर कान फाडावा लागतो, आणि फाटक्या कानाचं अस्वल विकायला आणणाऱ्याला प्रश्न विचारले जातात. नुर्नबर्गच्या बिंग कंपनीने आपल्या प्राण्यांना बटणं लावली, तेव्हा श्टाइफने थेट कायद्याचा बडगा दाखवला.

१९०६ मध्ये कंपनी मर्यादित झाली. कारभारी भाचे पॉल, रिचर्ड आणि फ्रान्झ. आत्याबाई ९ मे १९०९ ला न्यूमोनियाने गेल्या, वयाची एकसष्ट वर्षं पुरी झाली होती. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर कंपनीने शोकाची काळी अस्वलं काढली. १९९४ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज लिलावात 'टेडी गर्ल' नावाचं जुनं श्टाइफ अस्वल एक लाख दहा हजार पौंडांना एका जपानी संग्राहकाने घेतलं. मुलांनी ओढायला, आपटायला केलेलं खेळणं अशा किमतीला गेलं की ते पुन्हा काचेआडच जाणार, त्यात नवल काय.

दोन हजारच्या दशकात कंपनीने थोडं उत्पादन चीनमध्ये नेलं. इतर खेळणीवाले केव्हाच गेले होते. चांगलं शिवणारा माणूस तयार व्हायला कैक महिने लागत आणि तयार झाला की तो दुसरीकडे निघून जाई. गीन्गेनला हवा तसा माल येईना. २००८ मध्ये त्यांनी चीनमधून काम काढून घ्यायचं ठरवलं. आता बरीचशी शिवण ट्युनिशियात चालते, मोजक्या प्रतींची महागडी अस्वलं गीन्गेनमध्येच हातांनी पुरी होतात.