हवाई अंतर बघून भाडं ठरवलं आणि नफा घाटात गेला!

आजचा विषय साधा वाटेल, पण माझे पैसे यात गेलेत, म्हणून नीट वाचा.

दुकान सुरू केलं त्या वर्षीची गोष्ट. रत्नागिरीच्या एका दुकानदाराची गुळाची ऑर्डर आली. दर महिन्याला एक टेम्पो, सहा महिने. मी खूश! मोबाईलवर कोल्हापूर-रत्नागिरी अंतर शोधलं, पहिला आकडा दिसला सुमारे १०५ किमी. जाऊन-येऊन २१०. टेम्पोवाल्याचा दर किमीला १८ रुपये, म्हणजे भाडं ३,७८०. ते धरून मी पोहोच भाव दिला. एका फेरीला १,२०० रुपये सुटणार होते.

पहिली फेरी झाली आणि टेम्पोवाल्याने २६० किमीचं बिल हातात ठेवलं, ४,६८० रुपये! मला वाटलं, हा फसवतोय. पण चूक माझीच होती. मी बघितलेला आकडा हवाई अंतराचा होता, म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून मोजलेला. टेम्पो काही सह्याद्रीवरून उडत नाही. तो मलकापूरवरून आंबा घाट उतरतो, साखरपा, पाली, हातखंबा करत रत्नागिरीला पोहोचतो. रस्त्याने एका बाजूचे साधारण १३० किमी होतात.

फरक ९०० रुपयांचा. हातात राहिले ३००. भाव सहा महिन्यांसाठी दिलेला, शब्द मोडला असता तर गिऱ्हाईक तुटलं असतं. म्हणून सहाही फेऱ्या तशाच केल्या. ५,४०० रुपये फी भरून हा धडा शिकलो असं समजा!

आता काही जण म्हणतील, "सर, मग हवाई अंतरात २५ टक्के वाढवून धरू." नाही! मुंबई-अलिबाग बघा. सरळ रेषेत ३०-३५ किमी, पण मध्ये समुद्र. रस्त्याने वळसा घालून शंभरच्या आसपास जातं. डोंगर, खाडी, नदीवरचा पूल यावर सगळं अवलंबून असतं, त्यामुळे ठरलेला असा गुणाकार नाही.

मग भाव देण्याआधी काय करायचं?

१. मॅपवर 'अंतर मोजा' वापरू नका, ते सरळ रेषा मोजतं. 'दिशानिर्देश' टाका आणि आपल्या गोडाऊनपासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत बघा.

२. परतीचं भाडं धरा. येताना गाडी रिकामी आली तरी डिझेल जळतंच.

३. त्या रस्त्यावर नेहमी जाणाऱ्या ड्रायव्हरला फोन करा. घाट कधी बंद असतो, टोल कुठे, जेवणाचा खर्च किती, हे त्याला मॅपपेक्षा जास्त माहीत असतं.

४. पावसाळ्याचा भाव वेगळा ठेवा आणि तो आधीच सांगा.

आज एक काम करा. तुमच्या सगळ्यात लांबच्या गिऱ्हाइकाचं रस्त्याचं अंतर काढा आणि जुन्या बिलाशी ताडून बघा. फरक किती निघाला, ते कमेंटमध्ये नक्की सांगा!