चाकांवरून बर्फाकडे

नारायणगावच्या पेठेत दुकान असलेल्या एका गृहस्थांनी परवा एक प्रश्न विचारला. त्यांची अकरा वर्षांची कन्या गेली चार वर्षे इनलाइन स्केटिंग करीत आहे. लग्नसराई नसेल तेव्हा मंगल कार्यालयाच्या कोब्यावर आणि एरवी शाळेच्या आवारात तिचा सराव चालतो. यंदाच्या हिवाळ्यात तिचे प्रशिक्षक काही मुलांना देहरादूनच्या बर्फाच्या रिंकवर नेणार आहेत. वडिलांचा प्रश्न अस्सल व्यापाऱ्याचा होता : "चार वर्षे चाकांवर घातली. ती बर्फावर जमेस धरायची, की तेथे पुन्हा धुळाक्षरेच गिरवायची?" आजीचा आक्षेप तर त्याहून रोखठोक होता. ज्या गावात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर, त्या गावच्या मुलीने बर्फावरचा खेळ शिकून काय करायचे?

जुन्नर-आंबेगावच्या अनेक घरांत आज असाच प्रश्न उभा राहू शकतो. मंचर, घोडेगाव, ओतूर, आळेफाटा येथील मुलांच्या पायांतही चाके आली आहेत. म्हणून त्याचे उत्तर नीट शोधलेले बरे.

चाकांचा जन्मच बर्फासाठी

एका रांगेत चाके बसवलेले स्केट हे मुळात बर्फावरच्या पात्याची नक्कल म्हणूनच जन्माला आले. फ्रान्समध्ये पेतिब्ले नावाच्या गृहस्थाने १८१९ मध्ये अशा स्केटचे पेटंट घेतले. त्या स्केटला वळणे मात्र जड जाई. १८६३ मध्ये अमेरिकेच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी दोन चाके पुढे आणि दोन मागे असा, शरीर कलताच वळणारा स्केट बनविला आणि पुढची शंभरएक वर्षे एका रांगेची चाके मागे पडली.

त्यांना पुन्हा पुढे आणले ते बर्फावरच्या खेळाडूंनीच. अमेरिकेतील मिनेसोटा या थंड प्रांतातले स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन हे बंधू आइस हॉकी खेळत. उन्हाळ्यात बर्फ वितळला की सराव बंद पडे. एका रांगेत चाके असलेला जुना स्केट हाती लागताच त्यांनी तो सुधारून घेतला आणि १९८० च्या सुमारास त्यातूनच 'रोलरब्लेड' हा उद्योग उभा राहिला. म्हणजे बर्फ नसलेल्या दिवसांची सोय म्हणूनच हे साधन आले. मिनेसोटात असे दिवस उन्हाळ्यापुरते असतात, आपल्याकडे वर्षाचे ३६५. फरक असला तर एवढाच.

काय जमेस धरावे

स्केटिंगचा प्राण आहे कड. बर्फावरच्या पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा असतात. शरीराचा भार ज्या कडेवर पडतो त्या बाजूला पाते गोलाई घेत जाते. चाकाला अशी धारदार कड नसते, पण चाक कलते आणि घोटा, गुडघा व कंबर यांचे काम दोन्हीकडे जवळजवळ सारखेच राहते. चाकांवर एका पायावर सावकाश दहा अंक मोजेपर्यंत तोल सांभाळणारे मूल बर्फावर घोट्यात लटपटत नाही.

ढकलण्याची रीतही तीच. धावताना आपण पाय मागे रेटतो. स्केटवर मात्र पाय बाजूला रेटावा लागतो, कारण पाते किंवा चाक पुढे-मागे घसरते, आडवे रुतते. हे शरीराच्या अंगवळणी पडायला महिने लागतात, आणि ते महिने कोब्यावरही घालविता येतात.

वळणावर एक पाय दुसऱ्यावरून टाकण्याचा क्रॉसओव्हर खडूने आखलेल्या वर्तुळावर घटवता येतो. वेगाच्या शर्यती चाकांवर असोत वा बर्फावर, धाव डावीकडे वळत जाते. त्यामुळे मुले तीच बाजू घोटतात आणि उजवी कच्ची राहते. फिगर स्केटिंगला तर दोन्ही बाजू लागतात. त्यातले 'थ्री टर्न' हे वळण पाहावे : एकाच पायावर पुढे जाता जाता कड बदलून उलटे वळायचे. बर्फावर त्याची रेघ आपल्या देवनागरी ३ सारखी उमटते. सपाट चाकांवर हे वळण अडखळते. म्हणून फिगरसाठी बनविलेल्या इनलाइन स्केटमध्ये मधली चाके किंचित खाली ठेवतात आणि पात्याच्या तळाला असतो तसा बाक त्यांना येतो.

काय वजा करावे

एक गोष्ट मात्र चाके शिकवीत नाहीत. ती म्हणजे थांबणे.

बर्फावरचा खेळाडू वेगात असताना दोन्ही पाय झटकन आडवे करतो, पाते बर्फाचा पापुद्रा खरवडत सरकते आणि तो थांबतो. चाक असे खरवडत नाही. ते जमिनीला घट्ट धरते. हीच कृती चाकांवर केली तर पाय जागीच रुततो आणि देह पुढे फेकला जातो. म्हणून चाकांवर मागचा पाय आडवा घासून किंवा टाचेच्या ब्रेकवर भार देऊन थांबतात. टाचेवर रेलण्याची ही सवय घेऊन मूल बर्फावर उतरले, तर तेथे ब्रेक नसतो आणि ते पाठीवर पडते. मागचा पाय घासतानाही चाकांवर दाबतो तेवढा जोर द्यायचा नसतो. पाते हलके टेकवून खरवडू द्यायचे असते.

शिवाय बर्फावर घर्षण फार कमी. चाकांवर जेवढा जोर लावून जो वेग मिळे, त्याहून कितीतरी अधिक वेग तेवढ्याच जोरात येथे मिळतो. थोडक्यात, जे मूल चाकांवर तरबेज ते बर्फावर पहिल्या दिवशी सर्वांत वेगाने धावते आणि त्यालाच थांबता येत नाही. नवखे मूल भीतीने सांभाळून चालते. धोका अर्धवट जाणणाऱ्याला अधिक. म्हणून पहिला दिवस वेगाला न देता कठड्याजवळ पाते खरवडण्याला द्यावा. फिगरच्या पात्याला पुढे दाते असतात. बोटांवर भार देऊन पाय मागे रेटला की ते अडकतात, हेही आधी सांगून ठेवावे.

ओकाला गावची गोष्ट

आजींच्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतल्या एका गावाने दिले आहे. फ्लोरिडा हा उष्ण प्रांत. तेथील ओकाला हे गाव घोड्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध. रेने हिल्डेब्रँड या प्रशिक्षिकेने तेथे मुलांना चाकांवर धावायला शिकविले. त्यांच्यापैकी जोई मँटिया, ब्रिटनी बो आणि एरिन जॅक्सन हे तिघे पुढे बर्फाकडे वळले आणि तिघेही ऑलिंपिकपर्यंत पोहोचले.

२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी निवड चाचणी होती. ५०० मीटरच्या शर्यतीत जॅक्सनचा पाय घसरला आणि ती तिसरी आली. स्थान हुकले. चाचणी जिंकली होती ब्रिटनी बो हिने. बोने आपले स्थान आपल्या गावच्या या मैत्रिणीला देऊन टाकले. पुढे अमेरिकेला आणखी एक जागा मिळाल्याने बोलाही त्या शर्यतीत उतरता आले. १३ फेब्रुवारी २०२२ रोजी जॅक्सनने ३७.०४ सेकंदांत ५०० मीटर अंतर कापून सुवर्णपदक जिंकले. हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगचे वैयक्तिक सुवर्ण मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली. बोनेही त्याच स्पर्धेत १००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले.

एका उष्ण गावातून तीन ऑलिंपिक खेळाडू निघाले, ते बर्फ जवळ होता म्हणून नव्हे. चाकांवरचा पाया पक्का होता आणि तो घालणारी व्यक्ती एक होती, म्हणून.

आपल्या देशातील वाट

भारतात सिमल्याची रिंक १९२० पासूनची. लेहमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतील आइस स्केटिंगच्या शर्यती झाल्या आणि महाराष्ट्राच्या मुलामुलींनी तेथून पदके आणली. देहरादूनची बंदिस्त रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली. अनेक वर्षे ती बंद होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्यावर आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धा भरली. मागच्या पिढीला वर्षभर बर्फ हवा तर परदेश गाठावा लागे. गुजरातच्या विश्वराज जडेजा यांनी चाकांवर सुरुवात करून नेदरलँड्सची वाट धरली, ती त्यासाठीच.

आणि बर्फ लाभलाच नाही तरी चाके वाया जात नाहीत. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धांत ३००० मीटर रिलेत भारताच्या मुलींनी व मुलांनी चाकांवरच कांस्यपदके मिळविली. मुलांच्या चौघांत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. २०२५ मध्ये आनंदकुमार वेलकुमार तर याच खेळात विश्वविजेता झाला.

पालकांसाठी चार गोष्टी

आपल्या घरांत मुलांना जोडे घेताना "वाढते पाऊल आहे, एक नंबर मोठाच द्या" असे सांगण्याची रीत आहे. स्केटच्या बाबतीत ही काटकसर महाग पडते. सैल जोड्यात घोटा हलतो, आणि घोटा हलला की कड साधत नाही. बचत करायचीच असेल तर बर्फाचे पाते विकत न घेऊन करावी. पहिल्या खेपांना रिंकवरचे पाते पुरते.

दुसरे, कोबा झाडल्याशिवाय सराव नको. वाळूचा एक खडा चाक अडवायला पुरेसा आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर तर चाके कधीही नकोत. तिसरे, हेल्मेट दोन्हीकडे हवे, आणि बर्फावर हातमोजे थंडीपेक्षा पात्यासाठी हवेत, कारण पडलेल्याच्या बोटांजवळून दुसऱ्याचे पाते जात असते. चौथे, लेहला जायचे झाल्यास ते सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. पोहोचल्याबरोबर रिंकवर न जाता दोन-तीन दिवस विश्रांतीला ठेवावेत.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सांगितले : चार वर्षे जमेच्या बाजूला मांडा, थांबण्याचे खाते मात्र कोरे ठेवा, ते तिला तेथे नव्याने लिहू द्या. पहिल्या दिवशी ती वेगाने धावेल आणि पडेल. त्या संध्याकाळी तिचा फोन आला, तर "तरी सांगत होतो" असे म्हणू नका. आज पाते किती वेळा खरवडले, एवढेच विचारा.